किटण



आपल्या बोलीत घाणीला नावे पुष्कळ आहेत. जिथे एका वस्तूला इतकी नावे, तिथे त्या वस्तूशी बायामाणसांनी पुष्कळ झटापट केलेली असणार, हे उघड आहे. धूळ झटकली की जाते. चिखल वाळला की पोपडे धरून आपोआप गळतो. मळ पाण्याने जातो, फार तर साबण लागतो. कंदिलाच्या काचेवरची काजळी राखेने पुसता येते. आंबट पदार्थ बिनकल्हईच्या पितळेत राहिला तर तो कळकतो; त्या भांड्याला चिंच लावून भागत नाही, कल्हईवाल्याकडेच न्यावे लागते. तो भांडे विस्तवावर तापवतो, नवसागर टाकतो, कथील फिरवतो. आणि या सगळ्यांच्या शेवटी येते ते किटण. तव्याच्या पाठीवरचे, चुलीमागच्या भिंतीवरचे, कानाच्या पाळीमागचे, माळेच्या दोऱ्यातले. किटण एका दिवसात येत नाही आणि आले तेव्हा दिसतही नाही. रोज थोडे तेल, थोडा धूर, थोडा घाम. दिसू लागते तेव्हा ते वस्तूच्या अंगचेच वाटायला लागलेले असते.

म्हणून किटणाचा प्रश्न साध्या धुळीपेक्षा अवघड आहे. धुळीला कोणी 'ही माझीच' म्हणत नाही. किटणाला म्हणतात. 'आमचा तवा काळाच आहे.' 'तो माणूस स्वभावानेच तापट.' 'त्या वस्तीतले लोक तसलेच.' ही तिन्ही वाक्ये एकाच जातीची आहेत. वर बसलेले काढायचा कंटाळा आला, की ते आतलेच आहे असे ठरवून मोकळे व्हायचे.

ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना माउलींनी शौचाचे विवरण केले आहे. तिथे त्यांनी कापराचा दृष्टान्त घेतला आहे, तो आपण नीट पाहत नाही असे मला वाटते. कापूर आत वेगळा आणि बाहेर वेगळा नसतो. कुठेही मोडा, तोच रंग, तोच वास. रत्नाचे तसेच, सूर्याचेही तसेच. मग माउली उलट बाजूचे दृष्टान्त देतात: शृंगारलेले प्रेत, तीर्थात न्हाऊ घातलेले गाढव, गूळ माखलेला कडू भोपळा. कीर्तनकाराला हे दृष्टान्त फार सोयीचे. श्रोते हसतात, टाळी मिळते आणि बाहेरच्या स्वच्छतेची टिंगल करून पुढे जाता येते. पण त्याच जागी माउलींनी दोन्ही सांगितले आहे. बाहेरून कर्माने धुतलेला आणि आतून ज्ञानाने उजळलेला, असा तो पुरुष. कर्माने धुतलेला हा अर्धा भाग आम्ही कीर्तनकार मंडळी घाईने उरकतो. मन शुद्ध असले की झाले, हे सांगणे सोपे असते, कारण मन कोणी तपासत नाही. मंडपामागची मोरी मात्र कोणीही जाऊन पाहू शकतो.

आता पंढरीत चला. आषाढी आणि कार्तिकी यात्रेच्या काळात देवाचा पलंग काढतात, देव रात्रंदिवस उभा राहून दर्शन देतो, आणि यात्रा सरली की प्रक्षाळपूजा होते, हे आपल्याला ठाऊक आहे. देवाला गरम पाण्याने स्नान घालतात, शिणवटा जावा म्हणून रात्री काढा दाखवतात. या पूजेत देवाच्या पायांना लिंबू आणि साखर चोळतात. पहिल्यांदा हे ऐकले तेव्हा मी तरुण होतो आणि मला ते थोडे घरगुती वाटले होते. लिंबू-साखर तर बायका हाताला लावतात! पुढे त्यातले मर्म ध्यानात आले. लाखो माणसांची कपाळे आणि तळहात त्या पायांना लागतात. घाम, तेल, बुक्का, कुंकू. ते सारे त्या पाषाणावर बसते. भक्तीचेही किटण होते, माउली. आपल्या प्रेमाने देवाचे पाय माखतात आणि ते चोळून काढावे लागतात. त्यात प्रेमाचा काही दोष नाही, आणि पाय चोळून काढले म्हणून प्रेमाचा अपमानही होत नाही. दोन्ही गोष्टी एका ठिकाणी सुखाने नांदतात.

नातू पुण्यास शिकतो. त्याने मला विलायतेतल्या एका गाण्याच्या प्रकाराविषयी सांगितले. त्याचे नाव 'ग्राइम'. मी अर्थ विचारला. तो म्हणाला, आजोबा, ग्राइम म्हणजे तुमचे किटण. मला हसू आले. आपल्याकडे रागांना भूप, यमन, भैरव अशी नावे. इकडे गाण्याचे नावच किटण! पण त्याने मागची हकीकत सांगितली तेव्हा हसू गेले. लंडन शहराच्या पूर्व भागात सरकारने बांधलेल्या उंच इमारती आहेत. त्यांत वेस्ट इंडीज बेटांतून आणि आफ्रिकेतून आलेल्या लोकांची मुलेबाळे पुष्कळ. 2000 सालानंतरच्या दोन-तीन वर्षांत तिथल्या पोरांनी घरच्या संगणकावर हे संगीत रचायला सुरुवात केली. परवाना नसलेल्या रेडिओवरून ते वाजे. त्याचे मनोरे त्याच इमारतींच्या गच्च्यांवर चोरून लावलेले. लय फार जलद, मिनिटाला सुमारे 140 ठोके, आणि त्यावर आपल्या गल्लीच्या बोलीत भराभर बोलायचे. आवाज मुद्दाम खरबरीत. 2003 मध्ये डिझी रास्कल या पोरसवदा गायकाच्या पहिल्याच संग्रहाला तिकडचा मोठा मानाचा मर्क्युरी पुरस्कार मिळाला. तरी लंडनच्या पोलिसांचा एक फॉर्म होता, कार्यक्रम करण्याआधी भरून द्यायचा. त्याचा जाच या मुलांच्या गाण्यालाच जास्त होतो अशी तक्रार वर्षानुवर्षे होती. 2017 मध्ये तो फॉर्म बंद झाला.

त्याने मला ते थोडे ऐकवलेही. खोटे कशाला सांगू, मला ते गोड लागले नाही. माझा कान मृदंगावर घडलेला आहे. पण एक गोष्ट कळली. जग ज्यांना घाणीतली पोरे म्हणते, त्यांनी ती घाणच नाव म्हणून घेतली. 'तुम्ही म्हणता ना किटण, मग ऐका आता किटणाचा आवाज.'

हे आपल्याला नवे नाही. आपल्या वऱ्हाडात एका माणसाने असेच केले आहे, आणि त्याच्यापुढे आमच्यासारख्या कीर्तनकारांनी मान खाली घालावी असे ते काम आहे. 23 फेब्रुवारी 1876 रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी परटाच्या घरी डेबूजी झिंगराजी जानोरकर जन्मले. परटाचे घर म्हणजे गावाचा मळ धुणारे घर. बाप दारूपायी लवकर गेला, मुलगा मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला मामाकडे वाढला, शेतात राबला. 1 फेब्रुवारी 1905 रोजी घर सोडले. अंगावर चिंध्यांचे कपडे, हातात काठी किंवा खराटा, आणि डोक्यावर एक फुटके गाडगे. तेच भिक्षेचे पात्र, तेच पाणी पिण्याचे. लोक आधी 'ए गाडगेवाल्या' म्हणाले असतील. पुढे त्याच मडक्याच्या तुकड्याचे नाव होऊन बसले: गाडगे महाराज. आज अमरावतीच्या विद्यापीठाला ते नाव आहे, आमच्या यवतमाळ जिल्ह्यातली महाविद्यालयेही त्याच विद्यापीठाखाली येतात. पदवीच्या कागदावर फुटक्या गाडग्याचे नाव छापलेले असते, आणि ते घेणाऱ्या मुलांपैकी किती जणांच्या हे ध्यानात येते, कोण जाणे.

लंडनची पोरे आणि आमचा हा वऱ्हाडी बाबा इथपर्यंत बरोबर चालतात. पुढे वाट फुटते. बाबांनी घाणीचे नाव घेतले, घाण ठेवून घेतली नाही. गावात शिरले की पहिले काम खराट्याचे. रस्ते झाडायचे, गटारे उपसायची. ऋणमोचनच्या यात्रेत पूर्णेच्या काठावर घसरणाऱ्या बायाबापड्यांना हात द्यायचा, चिखल ओढायचा. तिथे पुढे घाट झाला. आणि दिवस मावळला की रात्री कीर्तन. कीर्तनही कसे? शास्त्रार्थ नाही, प्रमाणांची रास नाही. वऱ्हाडी बोलीत श्रोत्यांना प्रश्न विचारायचे आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढायचे. कर्ज काढून जेवणावळी का घालता, देवापुढे बकरे का कापता, दारू का पिता, माणसाला शिवून बाटता कसे. त्या बोलण्यात खरखर होती. ती पॉलिश करून काढली असती तर त्या कीर्तनातले कीर्तनच गेले असते.

इथे मला माझे मत स्पष्ट सांगावेसे वाटते. किटण दोन प्रकारचे असते. एक राबण्याच्या खुणेचे, आणि एक दुर्लक्षाचे. कुंभाराच्या नखातली माती, लोहाराच्या तळव्यातली काळी रेघ, कापूस वेचून वेचून बोटांना आलेले काळे चरे, गावंढळ म्हणून हिणवलेली बोली, हे पहिल्या प्रकारचे. आपली संतमंडळीच पाहा. गोरोबा चिखल तुडवणारे, सावतोबा मातीत हात घालणारे, सेना महाराज लोकांचे केस काढणारे, चोखोबांना गावाने मेलेली ढोरे ओढायला लावलेली. यांच्या हातांना लागलेले काढून टाकायचे नाही, त्याला लाजायचे नाही, गाण्यात तर ते यावेच. दुसरे ते तुंबलेल्या गटाराचे, सडलेल्या उष्ट्याचे, शिव्याशापांचे, सुतकासारखे माणसामाणसांत धरलेल्या विटाळाचे. ते ठेवण्यात कसलाही पुरुषार्थ नाही. लंडनच्या त्या पोरांनी पहिल्याचे गाणे केले, ते त्यांनी चांगलेच केले म्हणतो. पण गाणे झाले म्हणून त्यांच्या इमारतीतली ओल कोणी काढू नये, असा त्याचा अर्थ नव्हे.

आपली फसगत अशी होते की आपण नेमके उलटे करतो. राबण्याच्या खुणेला विटाळ म्हणतो आणि दुर्लक्षाच्या घाणीला सवय म्हणतो. घाण करणारा सोवळ्यात राहतो आणि घाण काढणारा ओवळा ठरतो. तर्काला हे कसे पटावे? कपडा मळवला पाटलाने, धुतला परटाने; मळ कुणाचा? जो करतो त्याचा की जो काढतो त्याचा? लहान पोराला विचारले तर ते बरोबर उत्तर देईल. पण शतकानुशतके मोठ्या माणसांनी चुकीचे उत्तर दिले, आणि त्या उत्तरावर आळ्या, पाणवठे, पंगती, देवळाच्या पायऱ्या बांधल्या. चोखोबांची समाधी महाद्वारापाशी आहे, आतमध्ये नाही. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम करताना ते कोसळून गेले, 1338 साली. त्यांच्या समाजाला विठ्ठलमंदिराचे दार उघडायला 1947 साल उजाडावे लागले, आणि त्यासाठी साने गुरुजींना मे महिन्यात दहा दिवस उपवास करावा लागला. सहाशे वर्षांवर हा काळ जातो. एवढ्या वर्षांत त्या उंबरठ्यावर जे बसले होते त्याला किटण म्हणायचे नाही तर काय म्हणायचे? आणि ते दगडाच्या अंगचेच आहे, धर्मच आहे, असे सांगणारे शास्त्री तेव्हाही कमी नव्हते.

गाडगे महाराजांनी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा बांधली, ज्यांना कुठे उतरायला जागा मिळत नव्हती त्यांच्यासाठी. पुढे ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. स्वतःसाठी खोली ठेवली नाही. कोणाला पायाही पडू देत नसत. पायाशी वाकणाऱ्याला काठी दाखवीत. प्रक्षाळपूजेचा विचार करताना मला हे नेहमी आठवते. देवाच्या पायांवर किटण चढते ते आपण काढतो, पण माणसाच्या पायांवर भक्तांच्या कपाळांचे किटण चढले की ते काढणारा कोणी नसतो, आणि ते डोक्यापर्यंत जाते. बाबांनी ते बसूच दिले नाही. आमच्या कीर्तनकारांच्या व्यवसायात या गोष्टीचा विचार व्हायला हवा, एवढेच म्हणतो. 20 डिसेंबर 1956 रोजी अमरावतीच्या वाटेवर, वलगावजवळ, पेढी नदीच्या पुलापाशी त्यांनी देह ठेवला. बाबासाहेबांना जाऊन त्याच महिन्यात चौदा दिवस झाले होते.

आता कोणी म्हणेल, बुवा, हे जुने झाले. आता कोण विटाळ मानतो? मग वारीकडेच पाहू. लाखो माणसे चालतात. ती जेवतात, आंघोळ करतात, शौचाला जातात. वाळवंटात आणि पालखीतळांवर जे मागे राहते ते पांडुरंग उचलत नाही. हाताने मैला उचलायला लावणे हा गुन्हा आहे असे सांगणारा, आणि त्या लोकांच्या पुनर्वसनाची तरतूद करणारा कायदा 2013 साली झाला. पंढरपुरातल्या या कामाचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापर्यंत न्यावा लागला होता. त्यानंतर वारीच्या वाटेवर फिरती शौचालये दिसू लागली, ही फार चांगली गोष्ट झाली. पण न्यायालयाने सांगावे लागले, हे आपल्या भूषणाचे नाही. ते कुठल्या तरी फडावरून, कुठल्या तरी कीर्तनातून आधी निघायला हवे होते. नाम घेत चालणाऱ्याच्या मागे दुसऱ्याने त्याची घाण डोक्यावर वाहायची, आणि चालणाऱ्याने त्याला देवळात शेजारी उभे करताना अंग चोरायचे, ही वारी माउलींच्या कापरासारखी आतबाहेर एक आहे का?

आमच्या केळापुरात जगदंबेचे ठाणे आहे. नवरात्रात गर्दी लोटते. आणि आजूबाजूला काळी जमीन, कपाशीचे शिवार. या मातीने माखलेला माणूस आम्हांला कधी घाण वाटत नाही. पण 2017 च्या पावसाळ्यात याच यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना औषधाची बाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. ते विष मातीसारखे काळे नव्हते. पाण्यात मिसळले की दुधासारखे दिसे, अंगावर वाळले की काही दिसतही नसे. फवारून आलेल्या धन्याचे कपडे घरची बाई धूत होती आणि तिच्या हातांना ते लागत होते. डोळ्यांना दिसते तेवढीच घाण, असे धरून चालणे किती घातक असते ते त्या वर्षी आमच्या भागाने पाहिले. मनाच्या बाबतीतही मला हेच भय वाटते. शिवी दिसते. द्वेष पुष्कळदा धुतलेल्या उपरण्यात, गोड आवाजात, आणि देवाच्या नावाआड येतो.

आता उलटही सांगतो, नाहीतर बुवा सगळेच घासून काढायला निघाले असे व्हायचे. मृदंगाच्या उजव्या तोंडावर काळी शाई असते. ती कशाची? लोखंडाचा बारीक कीस आणि शिजवलेला भात. थरावर थर द्यायचा, दगडाने घोटायचा, वाळू द्यायचा, पुन्हा थर. लोखंडाचा कीस भांड्याला चिकटला तर आपण त्याला घाण म्हणू, आणि शिजलेला भात भिंतीला लागला तर बाई पोराला रागावेल. पण तोच काळा डाग चामड्यावर मोजून, घोटून बसवला की त्यातून बोल निघतो. तो डाग खरवडून टाकला तर मृदंग नुसते लाकूड आणि कातडे राहते. डाव्या तोंडाला कणीक लावतात, ती मात्र वाजवून झाल्यावर काढून पुसावी लागते. राहिली तर आंबते, उंदीर कातडे कुरतडतात. एकाच वाद्याला दोन लेप. एक जपायचा, एक रोज काढायचा. मृदंगाचार्याला हा विवेक हाताने कळतो. त्याला कोणी तत्त्वज्ञान शिकवलेले नसते.

माझा गळा आता बसला आहे. वरचा स्वर लागत नाही, खर आली आहे. एकदोघांनी ज्येष्ठमध सुचवले, ते घेतो. पण ही खर पन्नास पावसाळे उघड्या मंडपात उभे राहून आलेली आहे. ती मृदंगाच्या शाईतली धरावी की डाव्या तोंडाच्या कणकेतली, हे अजून ठरवायचे आहे.

झाडण्यातही एक किटण चढते, त्याचेही बोलले पाहिजे. खराटा हातात घेऊन छायाचित्र काढायची पद्धत आता सगळीकडे आहे. राज्य सरकारने 2000 सालापासून बाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान चालवले, त्यात कित्येक गावे खरोखर स्वच्छ झाली, बक्षिसेही मिळाली. काही गावांत बक्षीस मिळाल्यावर खराटे उभे राहिले ते भिंतीलाच. बाबांच्या खराट्याला तपासणीची तारीख नव्हती. ते झाडत आणि पुढच्या गावाला जात. कोण झाडून गेले हे कळेपर्यंत ते दिसेनासे झालेले असत.

पुढच्या महिन्यात बऱ्याच गावांत सप्ताह बसतील. काल्याच्या दिवशी एवढे पाहा, माउली. पत्रावळी उचलायला कोण वाकते, मोरी कोण उपसते, मांडवामागचे चूल्हाण कोण घासते. त्या माणसांची आणि त्या बायांची नावे वर्गणीच्या यादीत आहेत का पाहा. कीर्तनाच्या वेळी त्यांना पुढे बसायला फुरसत मिळते का पाहा. आणि दह्या-लाह्यांचा काला वाटायला सुरुवात होते तेव्हा तो त्यांच्या हातावर कितव्या क्रमाने पडतो, तेही.